मागे राहिलेला बंड्या

बडोद्याहून डभोईला जाणाऱ्या रस्त्याला लागून माझ्या आत्याची छोटी वाडी आहे. चार वर्षांपूर्वी तिथे दोन पांढरे हंस आले. एका पार्टी प्लॉटवर लग्नाच्या शोभेसाठी ते आणले होते. सीझन संपला आणि ते कुणालाच नकोसे झाले. एकाचा पंख दुखावलेला, दुसरीच्या पायावर दोरीचा वळ. आत्याने दोघांना रिक्षात घालून घरी आणलं आणि नावं ठेवली, बंड्या आणि ठमी.

हंस म्हटलं की आपल्याला राजा रविवर्म्याच्या चित्रातला, दमयंतीशी गुज करणारा हंस आठवतो. हे दोघे तसे अजिबात नव्हते. चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठ, आवाज जुन्या भोंग्यासारखा. कुरियरवाला फाटकाशी आला की बंड्या मान जमिनीलगत ताणून धावून जायचा. मग मोठा पराक्रम केल्यासारखा ठमीकडे परत यायचा आणि दोघं माना पुढे करून एकसुरात ओरडायचे.

मला ही नुसती गंमत वाटायची. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की जोडी बांधून ठेवणारा हा हंसांचा विधीच आहे. ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ यांनी आयुष्यभर हंसांचा अभ्यास केला. 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. या 'विजयाच्या आरोळी'बद्दल त्यांनी भरपूर लिहिलंय. त्यांनी अभ्यासलेल्या कलहंसांच्याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर उतरतात.

गेल्या वर्षी थंडीत ठमीच्या पोटात अंडं अडकलं. डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला होता. मी लगेच खड्डा खणायला घेतला, पण आत्याने थांबवलं. "थोडा वेळ राहू दे. त्याला कळू दे." बंड्याने ठमीची मान चोचीने हलवून पाहिली, पंख ओढले आणि मग तिच्याजवळ बसून राहिला.

पुढचे कितीतरी दिवस तो ठमीच्या बसण्याच्या एकेका जागी जाऊन हाक मारायचा. लिंबाखाली, हौदापाशी, मागच्या पडवीत. खाणं जवळपास सुटलं. मान खाली, चाल जड. ज्या कोंबड्या त्याला वचकून असायच्या, त्या आता त्याला दाण्यांवरून हुसकू लागल्या आणि तो मुकाट्याने बाजूला व्हायचा. जोडीदार गमावलेल्या हंसाचं लॉरेन्झनी केलेलं वर्णन जवळजवळ असंच आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले. प्रॉब्लेम दिसला की लगेच फिक्स शोधतो. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आत्या, बाजारातून एक मादी आणू या." ती म्हणाली, "दादाच्या बाबतीतही तू हेच केलंस ना?"

मी गप्प झालो. आदल्या वर्षी आई गेली. तेरावा होताच मी बाबांचं पुण्याचं तिकीट काढलं होतं, आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक ग्रुपमध्ये त्यांचं नावही घातलं होतं. ते आले नाहीत. का, ते मी विचारलंच नाही.

आत्याने वेगळाच उपाय केला. तिने बाबांना रोज दुपारी वाडीवर बोलावलं. ते लिंबाखाली खुर्ची टाकून पेपर वाचायचे. बंड्याशी बोलणं नाही, लाड नाहीत. पंधराएक दिवसांनी बंड्या खुर्चीजवळ चरायला लागला. पावसाळ्यात अशाच टाकून दिलेल्या दोन माद्या आल्या. महिनाभर तो त्यांच्यापासून लांबच राहिला. आता तो त्यांच्यासोबत चरतो, कुरियरवाल्यावर धावूनही जातो. पण संध्याकाळी एकदा तरी हौदापाशी जाऊन उभा राहतो.

ऑस्ट्रियातल्याच ग्रुनाऊ इथल्या संशोधकांनी कलहंसांच्या शरीरात छोटी यंत्रं बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. मेघगर्जना किंवा गाड्यांपेक्षाही इतर हंसांची भांडणं बघताना ठोके जास्त वाढत होते. त्यातही भांडणात आपला जोडीदार किंवा घरचं कुणी असेल, तर आणखीच. नुसतं बघत उभ्या असलेल्या पक्ष्याची ही स्थिती! हे वाचलं तेव्हा मला हौदापाशी उभा असलेला बंड्या दिसला.

तुमच्या फार्महाऊसवर किंवा कार्यक्रमात शोभेसाठी हंस आणायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या. पाळीव हंस वीस वर्षंही जगतो. त्याला एकटं ठेवू नये. पावाचे तुकडे नकोत, चरायला हिरवं गवत आणि डोकं बुडवता येईल एवढं पाणी हवं. जोडीतला एक गेला तर दुसऱ्याला त्याच्याजवळ थोडा वेळ बसू द्या. नवा सोबती आणण्याची घाई करू नका, पण तोवर त्याला एकटंही पाडू नका.

बाबा अजून बडोद्यातच आहेत. मी आता तिकीट काढत नाही. महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने येतो आणि दुपारी लिंबाखाली दुसरी खुर्ची टाकतो. गेल्या खेपेला दीड वर्षात पहिल्यांदाच ते आपणहून आईबद्दल बोलले. बंड्या शेजारीच चरत होता.