विश्लेषण : केंद्रातून शुद्ध निघालेले पाणी नळापर्यंत दूषित कसे होते?

पावसाळा सुरू झाला, की महापालिकांकडून ‘पाणी गाळून, उकळून प्या’ असे आवाहन केले जाते. त्याच वेळी जलशुद्धीकरण केंद्रातील पाणी मानकांनुसार शुद्ध असल्याचेही सांगितले जाते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. कारण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी आणि स्वयंपाकघरातील नळाला येणारे पाणी यांच्यामध्ये कित्येक किलोमीटरचा प्रवास असतो. पाणी बिघडते ते बहुतेकदा या वाटेवर.

पिण्यायोग्य पाणी कोणते?

भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १०५००’ हे पिण्याच्या पाण्याचे मानक आहे. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात असतो. तो पाण्यात सापडणे म्हणजे त्यात मैला मिसळल्याची खूण. गढूळपणा, आम्लता, क्षार, जड धातू यांच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावे, अशीही अट आहे. याला ‘अवशिष्ट क्लोरिन’ म्हणतात.

क्लोरिन शिल्लक ठेवण्याची गरज काय?

केंद्रात तुरटीसारखी रसायने घालून गाळ खाली बसवला जातो, पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी क्लोरिन मिसळला जातो. त्यातला काही क्लोरिन तिथेच जंतू मारण्यात खर्च होतो. उरलेला पाण्यासोबत निघतो आणि वाटेत नव्याने शिरणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त करतो. पाणी जितके दूर जाईल आणि जितके साठून राहील, तितका तो कमी होत जातो. शिवाय वाहिनीत सांडपाणी शिरले, तर तो झपाट्याने संपतो. त्यामुळे नळाच्या पाण्यात क्लोरिन न सापडणे हा धोक्याचा पहिला इशारा असतो.

मुंबईचे पाणी अव्वल ठरले होते, मग तक्रारी का?

नोव्हेंबर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी मोठ्या शहरांतील नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. मुंबईतील दहाही नमुने सर्व निकषांवर उत्तीर्ण झाले, तर दिल्लीतील अकराही नमुने नापास झाले. सात तलावांतून येणारे पाणी आणि भांडुप, पांजरापूर येथील मोठी शुद्धीकरण केंद्रे ही मुंबईची जमेची बाजू आहेच. मात्र कोट्यवधी लोकांच्या शहरात दहा नमुने म्हणजे दहा ठिकाणचे, एका वेळचे पाणी. गटाराला लागून गेलेल्या जुन्या जोडणीवरच्या चाळीत किंवा वाहिनीच्या टोकाच्या वस्तीत रोज काय येते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

वाटेत नेमके काय घडते?

आपल्या बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच येते. वाहिनीत दाब असेपर्यंत गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते. पुरवठा थांबला की दाब नाहीसा होतो आणि त्याच भेगांतून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते. शेजारी गटार किंवा फुटलेली मलवाहिनी असेल, तर मैलापाणीच आत येते. वाहिनीला थेट मोटार लावून पाणी खेचले, तर हा धोका आणखी वाढतो. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वासाचे येते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

हुबळी-धारवाडमध्ये याची प्रत्यक्ष पडताळणी झाली. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला, तर उरलेल्या शहरात तो काही दिवसांआड होत राहिला. संशोधकांनी दोन्ही भागांतील नळांचे पाणी तपासले. खंडित पुरवठ्याच्या भागात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय सापडला. चोवीस तास पुरवठ्याच्या भागात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते.

पुण्यातील उद्रेकाने काय दाखवले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. दूषित पाणी किंवा अन्नातून त्याचा संसर्ग होतो. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर असूनही तिथे विहिरीतील पाणी केवळ क्लोरिन मिसळून दिले जात होते. गाव शहरात आले, शुद्धीकरण केंद्र मात्र आले नाही.

सोसायटीच्या टाकीचे काय?

महापालिकेची जबाबदारी साधारणपणे मीटरपर्यंत असते. तळटाकी, गच्चीवरची टाकी आणि इमारतीतील नळजोडण्या सांभाळण्याचे काम रहिवाशांचे. तळटाकीचे झाकण सैल असेल, तिच्या शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल किंवा टाकी वर्षानुवर्षे धुतली नसेल, तर चांगले पाणीही तिथे खराब होते. सहा महिन्यांतून एकदा टाकी साफ करून घेणे शहाणपणाचे.

घरोघरी आरओ लावणे हा उपाय आहे का?

आरओ यंत्र प्रामुख्याने क्षार काढण्यासाठी असते. धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात आणि यंत्रातून बरेच पाणी वाया जाते. क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तिथे आरओच्या वापराला मनाई करण्याचे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. जंतूंची शंका असेल, तर पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळणे पुरेसे ठरते. मात्र इंधनाचा हा खर्च गरीब घराला रोज परवडतोच असे नाही.

नागरिकांनी काय मागावे?

जिवाणूंच्या प्रयोगशाळेतील तपासणीला किमान एक दिवस लागतो. अहवाल येतो तेव्हा ते पाणी पिऊन झालेले असते. क्लोरिनची ‘ओटी’ चाचणी मात्र मिनिटभरात होते : नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर नाही. ग्रामपंचायतीचा कर्मचारीही ती करतो. ओडिशातील पुरी शहरात २०२१ पासून ‘थेट नळाचे पाणी प्या’ योजना सुरू आहे. ते उद्दिष्ट दूरचे वाटले, तरी प्रत्येक प्रभागात वाहिनीच्या शेवटच्या नळावरचे क्लोरिन रोज तपासणे आणि त्याचे आकडे जाहीर करणे कोणत्याही महापालिकेला आजही जमण्यासारखे आहे. केंद्रातील पाणी शुद्ध असल्याची ग्वाही पुरेशी नाही. शेवटच्या नळाचा हिशेबही मिळायला हवा.