ऑफिसच्या लॉगिनचे ते सहा आकडे येतात कुठून?

आमच्या केशवापुरात रेल्वे आणि बँकांतली मंडळी बरीच. शिवाय घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारी मुलंही आहेत. पासवर्ड टाकला की फोनवरचा सहा आकडी कोड मागतात, आणि "रेंज नाही, आता कोड कसा येणार?" हे मला हमखास विचारलं जातं.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपच्या कोडला रेंज लागतच नाही! सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते; तीच सर्व्हरकडेही असते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ घेऊन दोघंही एकच गणित करतात. साधारण दर ३० सेकंदांनी उत्तर बदलतं, पण दोन्हीकडे सारखंच येतं. २०११ साली ही पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. मला ती फार देखणी वाटते. कोड चालत नसेल तर आधी फोनची वेळ 'ऑटोमॅटिक'वर आहे का ते बघा.

काही ठिकाणी कोडऐवजी फोनवर लॉगिनची विनंती येते. तिथे नुसतं 'अप्रूव्ह' दाबायची पद्धत सोपी, पण जपायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला हॅकरने अशा विनंत्या पुन्हा पुन्हा पाठवल्या. शेवटी एक मंजूर झाली आणि तो आत शिरला. अशा हल्ल्यांमुळे मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं. तुम्ही लॉगिन करत नसताना विनंती आली तर नकार द्या आणि लगेच आयटीला कळवा; बहुधा तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलेला असतो.

फोन बदलताय? जुना रीसेट करण्याआधी अ‍ॅप नव्यावर चालू करून घ्या.