स्कॉटिश नृत्य: नाचणारे, शिकवणारे आणि शोधणारे

स्कॉटलंडच्या परंपरागत नृत्याचे निदान चार प्रकार आहेत. हायलँड नृत्य एकट्याने, बॅगपाइपच्या सुरांवर आणि बहुधा स्पर्धेत सादर होते. कंट्री डान्समध्ये साधारणपणे चार जोड्या समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहून ठरलेल्या आकृत्या पुऱ्या करतात. केइली म्हणजे गाण्या-नाचण्याची घरगुती बैठक. आज लग्नकार्यात किंवा गावच्या सभागृहात होणाऱ्या मोकळ्या नाचांनाही तेच नाव आहे, आणि तिथे पावले ठाऊक नसलेल्यालाही हाताला धरून ओढून घेतात. स्टेप डान्समध्ये नर्तकाचे बूटच जमिनीवर ताल वाजवतात. या नृत्यांना आयुष्य वाहून घेणारा माणूस यांपैकी एका प्रकारात मुरतो, पण इतरांशी परिचय ठेवल्याशिवाय त्याचे भागत नाही. नुसते नाचूनही भागत नाही. त्याला शिकवावे लागते, आणि शिकवता शिकवता हे पाऊल आले कुठून, हा प्रश्न समोर उभा राहिला की शोधावेही लागते.

हा व्यवसाय जुना आहे. अठराव्या शतकात स्कॉटिश शहरांत नृत्यशिक्षकाला मान होता. फ्रान्सिस पीकॉक यांना 1747 मध्ये ॲबरडीन शहराने नृत्यशिक्षक म्हणून नेमले. अनेक दशके शिकवल्यावर त्यांनी 1805 मध्ये नृत्यावर पुस्तक लिहिले आणि त्यात हायलँडच्या पावलांची गेलिक नावे व वर्णने नोंदवली. त्या काळच्या पावलांविषयी आज जे थोडे खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा आधार हे पुस्तक आहे. खेड्यापाड्यांत फिरते शिक्षक असत. लोक त्यांना जिव्हाळ्याने ‘डान्सी’ म्हणत. काही आठवडे एका गावात मुक्काम, एखाद्या कोठारात वर्ग, शिक्षकाच्याच हातात फिडल आणि शेवटी साऱ्या गावासमोर शिष्यांचे नृत्य, असा त्यांचा क्रम असे. पावलांबरोबर मुलांना उठण्याबसण्याची रीतही ते शिकवत.

पहिल्या महायुद्धानंतर नव्या फॅशनच्या बॉलरूम नाचांपुढे जुने कंट्री डान्स मागे पडू लागले. फॅसनाक्लॉइखच्या इझोबेल स्टुअर्ट यांना गर्ल गाइडच्या मुलींसाठी जुन्या नाचांचे पुस्तक काढायचे होते. ग्लासगोच्या जॉर्डनहिल प्रशिक्षण महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या जीन मिलिगन यांच्याशी त्यांची गाठ पडली, आणि 1923 मध्ये ग्लासगोत स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटी उभी राहिली. 1951 मध्ये तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. सोसायटीने जुनी हस्तलिखिते व छापील संग्रह चाळले, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपल्या आणि 1924 पासून नाचांची पुस्तके काढायला सुरुवात केली. सेंट अँड्रूज इथे 1927 पासून भरणारे तिचे उन्हाळी शिबिर ही आजही या क्षेत्रातील मोठी शाळा आहे.

मिलिगन बाईंनी नाच वाचवले, तसे ते एका वळणालाही आणले. पाय कसा ताणायचा, हात कुठल्या उंचीवर धरायचा, जोडीने एकमेकांकडे केव्हा पाहायचे, हे सारे ठरले. याचा फायदा उघड आहे. टोकियोत शिकलेला माणूस एडिनबराच्या सभागृहात शिरून अनोळखी जोडीदाराबरोबर पहिल्याच संध्याकाळी नाचू शकतो. तोटाही तितकाच खरा आहे. एकच नाच एका खोऱ्यात एका तऱ्हेने आणि पलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने नाचला जाई, तो फरक पुस्तकात मावला नाही. जे छापले गेले ते ‘बरोबर’ ठरले आणि उरलेले हळूहळू चुकीचे वाटू लागले.

या सोसायटीचा शिक्षक होण्यासाठी पाच टप्प्यांची परीक्षा रूढ झाली. लेखी भाग, स्वतःच्या नृत्याची परीक्षा, शिकवण्याची परीक्षा, मग स्वतःचा वर्ग काही काळ चालवून त्याची नोंद आणि अखेरीस पुन्हा वर्गासमोर परीक्षा. शिक्षकाला संगीताचीही जाण लागते. नाचांच्या चालींपैकी रील धावती, जिग उसळती आणि स्ट्रॅथस्पे संथ, पण आखूड-लांब सुरांच्या झटक्याने भरलेली. स्ट्रॅथस्पे ही खास स्कॉटलंडची चाल आहे. तिच्या संथपणात तोल सांभाळणे नवख्याला रीलच्या वेगाहून अवघड जाते.

हायलँड नृत्याची वाट वेगळी. मूल सहा-सात वर्षांच्या आतच स्पर्धेत उतरते आणि प्रायमरी, बिगिनर, नॉव्हिस, इंटरमीडिएट अशा पायऱ्या चढत प्रीमियर गटात पोचते. 1950 मध्ये स्थापन झालेल्या अधिकृत मंडळाने पावले आणि गुणांचे नियम ठरवले आहेत. ताल, तंत्र आणि देहबोली पाहिली जाते, पण खरे वजन तंत्राला. तलवारनृत्यात जमिनीवर आडव्या-उभ्या ठेवलेल्या दोन तलवारींमधून नाचताना पाय नुसता लागला तरी गुण जातात, तलवार हलली तर नर्तक बाद होतो. क्लाइड नदीच्या मुखाजवळच्या डनून गावी ऑगस्टमध्ये भरणाऱ्या काउअल मेळाव्यात जागतिक विजेतेपद ठरते. एकोणिसाव्या शतकात हायलँड नृत्याची स्पर्धा पुरुषांचीच समजली जाई, आज मैदानात बहुतेक मुलीच दिसतात. सारे नृत्य चवड्यांवर उड्या मारत करायचे असल्याने घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर सतत भार येतो. त्यामुळे स्पर्धेची वर्षे मोजकीच असतात. नंतरचे आयुष्य वर्ग घेण्यात आणि परीक्षा देऊन मिळवलेल्या परीक्षकपदात जाते.

याच रंगमंचावर संशोधकाची गरज सर्वाधिक भासते, कारण प्रत्येक नाचाला एक आकर्षक कथा चिकटलेली आहे. हायलँड फ्लिंग हा नाच योद्धे आपल्या ढालीवर नाचत, असे सांगतात. त्याला समकालीन पुरावा नाही. ‘शॉन ट्रूज’ म्हणजे जुनी विजार. 1746 च्या कायद्याने हायलँडचा पोशाख बंद केला आणि 1782 मध्ये ती बंदी उठली, तेव्हा लोकांनी विजार झटकून टाकल्याचा हा नाच, अशी समजूत आहे. पण त्याच्या संथ पावलांत नृत्यशिक्षकांच्या वर्गाचा आणि बॅलेचा हात स्पष्ट दिसतो. कथा सांगायला हरकत नाही, मात्र ती कथा आहे हे शिष्याला कळले पाहिजे.

संशोधनाला शिस्त लावली ती टॉम आणि जोन फ्लेट या दांपत्याने. टॉम पेशाने गणिताचे प्राध्यापक. दोघांनी सुट्ट्यांमध्ये स्कॉटलंडभर हिंडून म्हाताऱ्या नर्तकांना आणि नृत्यशिक्षकांच्या शिष्यांना गाठले. कुठला नाच कुठल्या गावात, कोणत्या प्रसंगी, कोणाबरोबर नाचला जाई, हे त्यांनी विचारले. ‘ट्रॅडिशनल डान्सिंग इन स्कॉटलंड’ हे त्यांचे पुस्तक 1964 मध्ये आले. त्यातील जोर पुस्तकी शुद्धतेवर नाही. माणसे प्रत्यक्षात काय नाचत होती, यावर आहे. टॉम 1976 मध्ये गेले. एकल पावलांवरचे त्यांचे दुसरे काम जोन यांच्या प्रयत्नाने 1996 मध्ये छापले गेले. हेब्रिडीज बेटांवर नृत्यशिक्षक यूएन मॅक्लॅक्लन यांच्या परंपरेत टिकलेले नाच अशाच धीराच्या चौकशीतून पुढे आले.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडून एक प्रश्न परत आला. कॅनडातील केप ब्रेटन बेटावर स्थायिक झालेल्या गेलिक भाषकांच्या वंशजांत फिडलच्या साथीने जमिनीलगत, हात सैल सोडून करायचा स्टेप डान्स जिवंत होता. 1996 मध्ये साउथ यूइस्ट बेटावर क्योलस ही उन्हाळी शाळा सुरू झाली आणि तिथे तो शिकवला जाऊ लागला. स्कॉटलंड जे विसरले ते केप ब्रेटनने जपले, असे काहींचे म्हणणे. ते तिकडेच वाढले, असे इतरांचे. मूळ स्वीडनचे, स्कॉटलंडमध्ये नर्तक व शिक्षक म्हणून काम केलेले आणि पुढे आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठात अध्यापन केलेले मॅट्स मेलिन यांनी केप ब्रेटनची हीच परंपरा अभ्यासाला घेतली. त्यांचे ‘वन विथ द म्युझिक’ हे पुस्तक 2015 चे. हे पाऊल कोणाचे, यापेक्षा ते स्वयंपाकघरात, नात्यागोत्यात, पाहून पाहून एका शरीरातून दुसऱ्यात कसे जाते, हा त्यांचा विषय. स्वतः नाचणाऱ्या माणसालाच तो असा दिसू शकतो.

अशा माणसाची मिळकत एका ठिकाणाहून येत नाही. संध्याकाळचे वर्ग, शाळांमधील कार्यशाळा, लग्नाच्या केइलीत पुढचे पाऊल मोठ्याने सांगण्याचे काम, उन्हाळी शिबिरे, परीक्षकाचे मानधन, कधी विद्यापीठातील व्याख्याने, अशी ती जोडावी लागते. एडिनबरा विद्यापीठात 1951 मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अभ्यास केंद्राचा ध्वनिमुद्रण-संग्रह आता इंटरनेटवर मोठ्या प्रमाणात ऐकता येतो, त्यामुळे दूरच्या बेटावरच्या शिक्षकालाही जुन्या मुलाखती सापडतात. पण ध्वनिमुद्रणात पाऊल दिसत नाही. मुलाखतीतले वर्णन ऐकायचे, त्या सुरावर उभे राहून करून पाहायचे, जमेना तर पुन्हा ऐकायचे, आणि जमले की पुढच्या वर्गात ते कोणाकडून मिळाले हे सांगून शिकवायचे, अशी या कामाची रोजची रीत आहे.