रणदिवे, कमल जयसिंग

(८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१). भारतीय जीववैद्यक शास्त्रज्ञ. कोशिकाविज्ञान (शरीराचे मूलभूत एकक असलेल्या कोशिकेचा म्हणजे पेशीचा अभ्यास), कर्कजनन (कर्करोग उद्‌भवण्याची प्रक्रिया) आणि प्रतिरक्षाविज्ञान (रोगास विरोध करण्याच्या शरीराच्या क्षमतेचा अभ्यास) या विषयांत त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. कर्करोगाची कारणे अनेक असून ती परस्परांवर अवलंबून असतात, ही गोष्ट प्रयोगाने पडताळून पाहण्याची सोय भारतातच निर्माण करण्याचे बरेचसे श्रेय त्यांना दिले जाते.

त्यांचा जन्म पुणे येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवविज्ञानाचे अध्यापक होते. हुजूरपागा शाळेत व फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ मध्ये एम्. एस्‌सी. पदवी मिळविली. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर त्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच्‌. डी. पदवी दिली. पुढे अधिछात्रवृत्ती मिळाल्यावर अमेरिकेत बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. मानवी कर्ककोशिकांचा शरीराबाहेर अखंड वाढत राहणारा पहिला वंशक्रम गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये तयार झाला.

ऊतकसंवर्धनात शरीरातून काढलेल्या कोशिका काचपात्रात, योग्य तापमानात व पोषक द्रवात जिवंत ठेवून वाढवितात. त्यामुळे एखाद्या हॉर्मोनाचा, विषाणूचा किंवा रासायनिक द्रव्याचा कोशिकेवर होणारा परिणाम शरीरातील इतर घडामोडींपासून अलग करून पाहता येतो. मात्र पोषक द्रव दूषित झाल्यास वा त्यातील एखादा घटक कमी पडल्यास सर्व श्रम वाया जातात. मुंबईतील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (स्थापना १९५२) परतल्यावर रणदिवे यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली व १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत आवश्यक पोषक द्रव आणि विक्रियाकारके तेथेच तयार करण्याची व्यवस्था केली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या प्रभारी संचालक असताना त्यांनी कर्कजनन, कोशिकाविज्ञान व प्रतिरक्षाविज्ञान यांचे विभाग सुरू केले.

स्तनाच्या कर्करोगाचे संशोधन हा त्यांच्या कामाचा प्रमुख भाग होय. स्त्रीमदजन हॉर्मोन टोचल्याने नर उंदरांतही स्तनाचा कर्करोग होतो, हे आंत्वान लाकासान्य यांनी १९३२ मध्ये दाखविले होते, तर मातेच्या दुधातून पिलांना मिळणारा एक घटक या रोगास कारणीभूत होतो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले. हा घटक विषाणू असल्याचे पुढे निश्चित झाले. रणदिवे यांनी आनुवंशिकता, हॉर्मोने व हा विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा शोध घेतला. विषाणू शरीरात असूनही अर्बुद (गाठ) होईल की नाही, हे प्राण्याचा वंश व त्याची हॉर्मोनस्थिती यांवर अवलंबून असते. म्हणूनच रोगकारकाइतकाच ज्याला रोग होतो त्या प्राण्याचाही अभ्यास आवश्यक ठरतो. उंदरांतील या विषाणूसारखा विषाणू मानवातील स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही. [→ कर्करोग].

भारतात आढळणाऱ्या मुखाच्या कर्करोगाकडेही त्यांनी लक्ष दिले. सुपारी व तंबाखू यांच्या कर्कजनकतेविषयी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्राण्यांवरील प्रयोग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पानविड्यातील तंबाखू तेवढी घातक व सुपारी निरुपद्रवी, या समजुतीची परीक्षा करण्याच्या दृष्टीने अशा प्रयोगांना महत्त्व होते. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीही मानवास कर्कजनक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले.

कुष्ठरोगाचा जंतू गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. परंतु तो कृत्रिम माध्यमात अद्यापही वाढविता आलेला नाही. त्यामुळे लशीसाठी पुरेसे जंतू मिळविणे ही मोठी अडचण होती. सी. व्ही. बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या ऊतकापासून एक अम्लस्थिर जंतू वेगळा करून प्रयोगशाळेत वाढविल्याचे १९५८ मध्ये जाहीर केले. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘आय. सी. आर. सी. जंतू’ म्हणून ओळखला जातो. हा जंतू प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून त्याच प्रजातीतील दुसरा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तथापि दोहोंतील काही प्रतिजने (प्रतिरक्षा जागृत करणारी द्रव्ये) समान आहेत. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात रोग्याच्या लसीका-कोशिका जंतूला पुरेसा विरोध करीत नाहीत. समान प्रतिजने असलेला, मृत केलेला जंतू टोचून हा विरोध जागृत करावा, या तत्त्वावर माधव गजानन देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे लस तयार केली. दक्षिण भारतात घेतलेल्या तौलनिक चाचणीचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता या लशीने सु. ६५ टक्के, तर केवळ बी. सी. जी. लशीने सु. ३४ टक्के संरक्षण मिळाले. [→ कुष्ठरोग].

विज्ञानाच्या क्षेत्रातील स्त्रियांना परस्परांचे साहाय्य मिळावे व विज्ञानाचा प्रसार व्हावा म्हणून १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला, तसेच ग्रामीण स्त्रियांना आरोग्यविषयक प्रशिक्षण दिले. भारतीय वैद्यक परिषदेचे पहिले रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक (१९६४) व पद्मभूषण (१९८२) हे सन्मान त्यांना मिळाले.