केळीचे खोड, काजूचे बोंड, उंबराचे फूल

केळीला खोड असते, काजूची बी फळाबाहेर लोंबते, उंबराला फूल येत नाही आणि भुईमुगाच्या शेंगा मुळांना लागतात, असे अनेकजण लहानपणापासून धरून चालतात. या चारही समजुती चुकीच्या आहेत.

घड उतरवल्यावर आडवी तोडलेली केळ नीट पाहा. आत लाकूड नसते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक बसलेली सोपटे असतात. म्हणजे हे ‘खोड’ पानांच्याच तळाकडच्या भागांनी बनलेले असते. केळीचे खरे खोड जमिनीखालचा कंद. फुलायची वेळ आली की कंदाचा शेंडा सोपटांच्या मधून वर चढतो आणि केळफूल बाहेर टाकतो. आपण भाजी करतो तो पांढरा गाभा म्हणजे या फुलोऱ्याचा दांडा. म्हणून वनस्पतिशास्त्र केळीला झाड न मानता महाकाय शाकीय वनस्पती मानते.

काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला आणि तो गोवा-कोकणात रुजला. त्याचे रसाळ लाल-पिवळे बोंड म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. खरे फळ ती खालची राखाडी काजूबी, आणि तिच्या आतला गर ही बी. झाडावर याचा पुरावाही मिळतो: काजूबी आधी पूर्ण वाढते, बोंड नंतर फुगते. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेली गोव्याची काजू फेणी या देठाच्याच रसाची. काजूच्या कुळातल्या आपल्या बिब्ब्याची रचनाही अशीच आहे, आणि दोघांच्या टरफलातले तेल अंगावर उठते.

उंबराचे फूल दिसणे म्हणजे भाग्य उजळणे, अशी समजूत आहे. वास्तविक प्रत्येक उंबरात शेकडो फुले असतात. ज्याला आपण फळ म्हणतो, तो आतल्या बाजूने फुललेला, तोंड मिटलेला फुलोरा आहे. टोकाला बारीकसे छिद्र असते. दोनेक मिलिमीटरची, गांधीलमाशीची दूरची नातलग असलेली एक मादी त्यातून आत घुसते. या धडपडीत बहुधा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आतच माद्यांशी मीलन करून बाहेर पडण्याची वाट पोखरतात. त्या वाटेने पंख असलेल्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. उंबर फोडताच उडणारे चिलटांएवढे जीव पाहून आपण ते किडके म्हणून टाकतो. पण हे कीटक आले नाहीत, तर उंबराला बीच धरणार नाही.

भुईमुगाचे पिवळे फूल मात्र जमिनीवर, पानाच्या बेचक्यात उमलते. फलन झाल्यावर त्यातून निघालेली आरी खाली वळते, मातीत शिरते आणि अंधारात तिच्या टोकाला शेंग पोसते. शेतकऱ्याला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तो फुलोऱ्यानंतर पिकाला मातीची भर देतो किंवा त्यावरून रिकामे पिंप फिरवतो, आणि आऱ्या मातीत शिरू लागल्या की कोळपणी थांबवतो. मुळांनाच शेंगा लागत असत्या, तर यातल्या एकाही कामाची गरज पडली नसती.