रविवारी टेस्ट, मग सुट्टी कधी? लातूर-नांदेडमध्ये नीटची तयारी करणाऱ्या मुलांचं टाइमटेबल असं बसवा

दहावीचा निकाल लागला की उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेडकडची मुलं गादी, बादली आणि पुस्तकांची खोकी घेऊन लातूरच्या ट्यूशन एरियात नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर-श्रीनगर भागात उतरतात. काहींची आई खोली करून सोबत राहते, बाकीची मुलं होस्टेल आणि मेसवर. वय जेमतेम 16. भिंतीवर टाइमटेबल लागतं, पण त्यात खेळाचा रकानाच नसतो.

मग वेळ जातो कुठे?

साधा हिशेब करू. झोप 8 तास, कॉलेज आणि क्लास 7 तास, आंघोळ-जेवण-ये-जा 3 तास, स्वतःचा अभ्यास 4 तास. झाले 22. उरलेले 2 तास रकान्यात नसले तरी खर्च होतातच. दहा मिनिटं रील्स, पंधरा मिनिटं गेम, पुन्हा रील्स. खेळणंही होत नाही, विश्रांतीही मिळत नाही, वर वेळ वाया घालवल्याची बोच राहते. म्हणून हे 2 तास आधी लिहा, अभ्यास नंतर भरा. संध्याकाळी क्रिकेट, व्हॉलीबॉल, गोवर्धन घाटावर फेरफटका, काय करायचं ते मुलानंच ठरवावं. 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची शारीरिक हालचाल जागतिक आरोग्य संघटनाच सुचवते.

रात्री जागून फायदा होतो का?

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं, त्यामुळे जागणं सोपं आणि पहाटे उठणं जड जातं. सकाळी 7 ची बॅच असेल तर रात्री साडेदहाला दिवा बंद व्हायला हवा. दुसरं म्हणजे 2025 ची नीट 4 मे रोजी दुपारी 2 ते 5 या वेळेत झाली, 180 मिनिटांत 180 प्रश्न. रात्री 2 पर्यंत जागून दुपारी झोपणारा मुलगा नेमकी परीक्षेच्या वेळेला झोपायची सवय लावून घेत असतो.

4 तास पुरतील?

कसे वापरता त्यावर आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. लातूरला हे नवं नाही. प्रश्नपत्रिकांचा भरपूर सराव हाच तर ‘लातूर पॅटर्न’चा गाभा. तेव्हा हायलाइटर कमी, कोरा कागद जास्त.

मोबाईल काढून घ्यावा?

नोट्स, टेस्टचे निकाल, बॅचचा ग्रुप सगळं त्यातच आहे, त्यामुळे ते फारसं जमत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’मधून एकेका ॲपला रोजची मर्यादा घालता येते. ती मुलासोबत बसून घाला, चोरून नको. आणि गावाकडून फोन केला की पहिला प्रश्न मार्कांचा नको. “आज खेळलास का?” एवढं विचारून बघा.

क्लासला काय विचाराल?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्याला एक सुट्टी असावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये. दर रविवारी टेस्ट असेल तर सुट्टीचा वार कोणता, हे फी भरण्याआधी विचारा. तो वार टाइमटेबलमध्ये मोकळा ठेवा, बॅकलॉगनं भरू नका.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणं कमी झालं असेल तर टाइमटेबल बाजूला ठेवून आधी भेटायला जा. सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास सुरू असते. पालकही फोन करू शकतात.