खजिन्याचा नकाशा आणि शेवटचा उंदीर

खजिन्याचा नकाशा म्हटला म्हणजे पिवळा पडलेला कागद, त्यावर रेखाटलेले बेट आणि एका ठिकाणी उमटलेली लाल फुली आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून हे चित्र जगभरच्या मुलांच्या मनात पक्के बसले. त्या चित्रातील नकाशा एकाच्या हाती असतो, आणि तो दुसऱ्याच्या हाती पडू नये यासाठीच सारा झगडा चालतो. आज वाचकांस ज्या नकाशाची ओळख करून द्यावयाची आहे, तो याच्या अगदी उलट आहे. त्यावर बेट नाही, फुली नाही; आहे ती केवळ उंदरांच्या नावांची यादी. आणि तो ज्याला सापडतो, त्याने शहाणपणाने वागावयाचे ठरविले तर पहिले काम असते ते चारचौघांना हाक मारून तो दाखविण्याचे.

हा नकाशा ‘माउसहंट’ नावाच्या ऑनलाइन खेळातील आहे. कॅनडातील हिटग्रॅब या कंपनीचा हा खेळ २००८ मध्ये फेसबुकवर सुरू झाला. ग्नॉनिया नावाचे एक काल्पनिक राज्य, तेथे उंदरांनी मांडलेला उच्छाद, आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी राजाने बोलावलेले शिकारी, अशी त्याची साधी कथा. शिकाऱ्याने सापळा निवडावा, त्यावर चीजचा तुकडा आमिष म्हणून ठेवावा आणि शिंग फुंकावे. सापळ्यात कोणता उंदीर आला, सापडला की निसटला, हे लगेच कळते. मात्र एकदा शिंग फुंकले की पुन्हा फुंकण्यास पंधरा मिनिटे थांबावे लागते. याखेरीज तासातून एकदा सापळा आपोआप तपासला जातो. म्हणजे कोणी कितीही उत्साही असला तरी तासाला पाचांहून अधिक शिकारी त्याच्या वाट्यास येत नाहीत. या खेळात चपळ बोटांचे काम नाही. काम आहे ते योग्य जागा, योग्य सापळा आणि योग्य आमिष निवडण्याचे, आणि मग धीर धरण्याचे.

नकाशे मिळतात ते मुख्यतः ‘रेलिक हंटर’ नावाच्या एका उंदराकडून. तो एका ठिकाणी स्थिर राहत नाही, म्हणून त्याला पकडणे हीच एक लहानशी मोहीम असते. त्याच्याकडील गुंडाळी उघडली की यादी समोर येते. सोप्या नकाशापासून अत्यंत बिकट नकाशापर्यंत तिच्या पायऱ्या आहेत. गुंडाळीवर एक दुर्मिळ पूड टाकून नकाशाचा दर्जा वाढविताही येतो. मग शेवटी मिळणाऱ्या पेटीतील ऐवजही वाढतो. नकाशावर ठराविक जागा असतात. यादीतील प्रत्येक उंदीर कोणा तरी एकाने एकदा पकडला की पुरे. सर्व नावे संपली की त्या क्षणी नकाशावर असलेल्या प्रत्येक शिकाऱ्याला स्वतंत्र पेटी मिळते. दहा उंदीर पकडणाऱ्यासही आणि एकही न पकडणाऱ्यासही. या एका नियमातून या खेळातील सारे सहकार्य आणि सारी भांडणे जन्माला आली आहेत.

प्रथम यादीचे गणित पाहू. समजा, एकाच ठिकाणी आढळणारे दहा उंदीर यादीत आहेत आणि प्रत्येक शिकारीत त्या दहांपैकी कोणताही एक सारख्याच संभवाने सापडतो. पहिली शिकार हमखास उपयोगी पडते. दुसऱ्या शिकारीत तोच उंदीर पुन्हा येण्याचा थोडा धोका असतो, तिसरीत तो वाढतो. हिशेब केला तर पहिले पाच उंदीर सरासरी साडेसहा शिकारींत पदरात पडतात; उरलेल्या पाचांसाठी मात्र सरासरी तेवीस शिकारी लागतात, आणि त्यांपैकी अगदी शेवटच्या एकट्यासाठी दहा! नवखा शिकारी पहिल्या तासाभरात यादी अर्धी झालेली पाहून हरखतो, आणि दुसऱ्या दिवशीही दोन नावे तशीच पाहून खट्टू होतो. जुना शिकारी आरंभीच उरणाऱ्या नावांचा विचार करतो. यादी हाती येताच तो तिची जागावार विभागणी करतो: कोणत्या ठिकाणी किती नावे आहेत, त्यांतील किती सहज येणारी, किती दुर्मिळ. यासाठी लागणारी माहिती खेळाडूंनी स्वतःच जमविली आहे. आपापल्या शिकारींच्या नोंदी एकत्र करून कोणता उंदीर कोणत्या आमिषाला शेकडा किती वेळा येतो याची कोष्टके त्यांनी तयार केली. आमच्या मते या खेळाचा सर्वांत सुंदर भाग हाच होय. कोणी न सांगता अनेकांनी मिळून केलेली ही एक प्रकारची शिरगणतीच आहे.

आता माणसे कशी वाटावी? नेमकी येथेच नकाशाच्या धन्याची कसोटी लागते. दोन उदाहरणे घेऊ. एक उंदीर दर दोन शिकारींत एकदा सापडणारा आहे. त्याच्यासाठी एकच शिकारी धाडला तर सरासरी चीजचे दोन तुकडे खर्ची पडतात. चौघे एकदम धाडले तर पहिल्याच फेरीत चार तुकडे जातात आणि पकडलेल्या एका उंदराखेरीज बाकीचे श्रम फुकट जातात. दुसरा उंदीर शंभरांत चारच वेळा सापडणारा आहे. त्याच्या मागे एकट्याने लागल्यास सरासरी पंचवीस शिकारी लागतील. दर तासाला पाच या वेगाने पाच तास, आणि तेही एकही शिंग न चुकविता. याच्या मागे चौघे लागले तर सरासरी सहा ते सात फेऱ्यांत काम होते आणि चौघांचे मिळून सव्वीस-सत्तावीस तुकडे खर्ची पडतात. म्हणजे खर्च जवळजवळ तेवढाच, वेळ मात्र चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक. सोप्या उंदरापाशी गर्दी करणे ही उधळपट्टी, तर दुर्मिळ उंदरापाशी एकट्याला बसविणे हा त्याच्यावर अन्याय. शेतीतील सावडीचे तत्त्व याहून फार निराळे नाही. एका माणसाच्या कामाला दहा जण कोणी बोलावीत नाही, पण लावणीच्या दिवशी सारे बांधावर हजर असतात.

सरासरीच्या या आकड्यांवर मात्र नवख्याने आंधळा विश्वास ठेवू नये. पंचवीस शिकारींत सापडणारा उंदीर पंचविसाव्या शिकारीला येतोच असे नाही. शंभर शिकाऱ्यांनी प्रत्येकी पंचवीस प्रयत्न केले तर त्यांतील सुमारे छत्तीस जण रिकाम्या हाताने परत येतील. पन्नास प्रयत्नांनंतरही तेरा जण तसेच राहतील. आणि पंचवीस वेळा चुकले म्हणून सव्विसावी शिकार काही सोपी होत नाही. सापळ्याला मागची आठवण नसते. पुष्कळदा ज्या सोबत्यावर ‘हा काहीच करीत नाही’ असा ठपका येतो, तो बिचारा दिवसभर शिंग फुंकीत बसलेला असतो. म्हणून चांगला नायक सोबत्याचे उंदीर मोजीत नाही, तर त्याने किती वेळा शिंग फुंकले हे विचारतो.

काही जागांना वेळेचेही बंधन असते. ऋतूंच्या बागेत दर ऐंशी तासांनी ऋतू पालटतो आणि त्याबरोबर तेथील उंदीरही. हिवाळ्यातील एक नाव यादीत राहिले आणि ऋतू बदलला की फिरून हिवाळा येईपर्यंत नकाशा अडून राहतो. बॅलॅकच्या खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे वेगवेगळे उंदीर बाहेर पडतात. अशा नावांना नेहमी अग्रक्रम द्यावा. बारमाही उंदीर कोठे पळून जात नाहीत.

परंतु काही ठिकाणे अशी असतात की तेथे पोहोचावयासच महिनोन्‌महिने खेळावे लागते, आणि चौघांपैकी एकही तेथवर पोहोचलेला नसतो. अशा वेळी भाडोत्री शिकारी बोलावतात. खेळाडू त्याला ‘स्नायपर’ म्हणतात. तो नकाशावर येतो, ठरलेला उंदीर पकडतो, ठरलेला मोबदला घेतो आणि निघून जातो. मोबदला बहुधा ‘सुपर ब्री प्लस’ नावाच्या चीजमध्ये दिला जातो. हे चीज सर्वांना उपयोगी पडते आणि ते बाजारातही खपते. म्हणून जे आमिष होते तेच चलन झाले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मीठ, धान्य आणि कवड्या चलन कशा बनल्या हे आपण वाचतो. येथे तोच प्रकार आजच्या काळात घडलेला दिसतो.

दुसऱ्या टोकाला असतो ‘लीच’. हा एकही उंदीर पकडीत नाही. नकाशावरील एक जागा चीज मोजून विकत घेतो आणि पेटी घेऊन जातो. या शब्दाचा सरळ अर्थ जळू. भाषांतराचे काम करणाऱ्यास हे नाव खटकल्यावाचून राहत नाही. जळू रक्त पिते आणि मोबदल्यात काहीच देत नाही. हा तर आधी दाम मोजतो. त्याला भागीदार म्हणणे अधिक न्यायाचे. किंबहुना त्याच्याच चीजमधून भाडोत्री शिकाऱ्याचे पैसे भागतात. समजावून घेण्यापुरते आकडे घेऊ: दोन स्नायपरांना मिळून पंचावन्न तुकडे द्यावयाचे आहेत, दोन जागा प्रत्येकी चाळीसला विकल्या तर ऐंशी आले, उरलेल्या पंचविसांत धन्याच्या पुडीचा आणि आमिषाचा खर्च निघाला. खरी जळू म्हणजे ‘मी दोन उंदीर पकडतो’ असे सांगून फुकट जागा घेणारा आणि नंतर बेपत्ता होणारा. तो केवळ आपला वाटा उचलीत नाही. काम करणाऱ्या पाचव्या माणसाची जागाही अडवून ठेवतो.

या व्यवहारात आधी कोणी द्यावयाचे? स्नायपरने उंदीर पकडला आणि धन्याने चीज दिलेच नाही, तर? किंवा चीज आगाऊ घेऊन स्नायपरच नाहीसा झाला, तर? एकमेकांचे तोंडही न पाहिलेली, निरनिराळ्या देशांत बसलेली ही माणसे. कोर्टकचेरी करावयास तीस रुपयांचाही दावा नाही. शिकाऱ्यांनी यावर जे उपाय काढले ते बाजारपेठेइतकेच जुने आहेत. अट आधी लिहून ठरवावी: कोणता उंदीर, किती तुकडे, केव्हापर्यंत. मोठ्या व्यवहाराआधी छोटा करून पाहावा. जुन्या सोबत्यांकडे चौकशी करावी. ज्याच्या नावावर बरे व्यवहार जमा आहेत, त्याला आगाऊ रक्कम मिळते. नवख्याने आधी काम करून दाखवावे असा संकेत आहे. नवख्यास हे कडू वाटते, पण त्यालाही एक बाजू आहे: राज्यात अगदी आरंभीच्या ठिकाणीच तो रेंगाळत असल्यामुळे, तेथील उंदरांसाठी परतीचा प्रवास टाळू पाहणाऱ्या जुन्या शिकाऱ्यांना तोच उपयोगी पडतो. तेवढ्यावर त्याचे नाव उभे राहू शकते.

घरात मुले हा किंवा असा खेळ खेळत असतील, तर पालकांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे ती पंधरा मिनिटे. शिंग फुंकणे हे क्षणाचे काम, पण घड्याळाकडे वारंवार पाहण्याची सवय अभ्यासाचा तास तुकड्यातुकड्यांत तोडते. सापळा तासातून एकदा आपोआप तपासला जातो, हे मुलाला नीट समजावून द्यावे; नकाशाचे सोबतीही दिवसाला किती शिंगांची अपेक्षा ठेवतात हे त्याने आधीच विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे खेळ विनामूल्य असला तरी खरे पैसे देऊन त्यातील काही साहित्य घेता येते. सोबत्यांना दिलेला शब्द पाळण्यासाठी मूल घरातील कार्ड वापरू लागले, तर तो शब्दच प्रमाणाबाहेर मोठा होता असे समजावे आणि त्याला नकाशावरून उतरावयास सांगावे. उतरण्याची सोय या खेळात आहे, आणि वेळीच सांगून उतरणाऱ्याबद्दल कोणी राग धरीत नाही.

आता शेवटचा डाव सांगावयाचा राहिला. पेटी मिळते ती यादी संपण्याच्या क्षणी नकाशावर असणाऱ्यांना. तेव्हा यादीतील अखेरचे नाव स्नायपरने पकडले तर मोबदल्याबरोबर पेटीही त्याला मिळते, आणि जिच्यासाठी भागीदाराने चाळीस तुकडे मोजावयाचे ती जागा फुकट जाते. यासाठी मुरलेला धनी एक अगदी सोपा उंदीर, बहुधा आरंभीच्या कुरणातला, मुद्दाम पकडावयाचा ठेवतो. बाकीची नावे संपेपर्यंत कुरणात पाऊल टाकावयाचे नाही, अशी त्याची साऱ्यांना ताकीद असते. कोणी सहज म्हणून तेथे शिंग फुंकले तर दिवसाची आखणी कोसळते. दुर्मिळ उंदीर आले की तो स्नायपरांचा हिशेब चुकता करून त्यांना निरोप देतो, मोकळ्या जागांवर भागीदारांना बसवितो, त्यांचे चीज पोहोचल्याची खात्री करून घेतो. नावे एकदा पुन्हा मोजतो. मग साध्या चीजचा एक तुकडा सापळ्यावर ठेवून तो स्वतः कुरणाकडे निघतो.